आर्य आणि तिसरं स्थळ

मनोरमाबाईंचं माहेर नागपूर, संसार भोपाळला, बरखेडा वसाहतीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. त्यांच्या मुलीची, मृणालची, दोन स्थळं वडिलांच्या, गोपीनाथरावांच्या, वाद घालण्याच्या सवयीपायी गेली होती. आज बघायला आलेला सौरभ तिला आवडला होता. पण पोहे हातात येताच त्याचे वडील म्हणाले, "आर्य बाहेरून आलेच नाहीत."

"आलेच! जनुकांचा पुरावा आहे," गोपीनाथराव सरसावले.

"म्हणजे आमचे पूर्वज उपरे?"

"अहो, तुम्ही स्वतः अमरावतीहून बदलीवर आलात!"

सौरभचे वडील ताडकन उठले. मनोरमाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कोण कुठून आलं ते नंतर ठरवा. आज मुलगी बघायला आलात ना?"

सौरभ उठलाच नव्हता. "काकू, चहा होऊन जाऊ दे."

वडील नाइलाजाने बसले. "बरं, पण उत्खननात सापडलेल्या त्या घोड्यांच्या हाडांचं काय?"

"सांगतो," गोपीनाथराव म्हणाले.