ह्या तापानं कुणी मरत नाही

ताप आला की माणूस गप्प पडतो आणि ताप गेला की बोलायला लागतो. आमच्या टोळीत तर मागच्या पावसाळ्यापासून हे बोलणं थांबलेलंच नाही. बांधकामावर चहा आला, चार माणसं विटांवर टेकली, की कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवतो आणि सुरू करतो. ताप एकच. पण प्रत्येक जण वेगळ्याच रोगाची गोष्ट सांगतोय असं वाटतं.

मी गवंडी आहे. शाळा चौथीपर्यंत. लोक मिस्त्री म्हणतात. श्रीरामपूर-बेलापूर भागात मी बांधलेली घरं उभी आहेत, ती कुणीही जाऊन बघावीत.

त्या पावसाळ्यात बेलापुरात एका निवृत्त गुरुजींचा बंगला चालू होता. टोळी लहान. वीटकामाला बबन, घमेली वाहायला हिराबाई आणि गिलाव्याला दानियल. प्लास्टरला आम्ही गिलावा म्हणतो. दानियलसारखा गिलावा करणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि मी कुणाचं उगाच चांगलं बोलत नाही.

* * *

पहिला बबन पडला.

गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "साधा व्हायरल आहे. चिकनगुनिया. ह्या तापानं कुणी मरत नाही. थोडे दिवस सांधे धरतील, मग सुटतील."

बबन गेला तेव्हा वाळलेला होता, आला तेव्हा गाल वर आलेले! मी विचारलं, "काय रे, ताप होता ना?"

"ताप कसला मिस्त्री, सासुरवाडीला गेल्यावानी झालं! बायकोनं गरम गरम वाढलं, आईनं पाय दाबले, दिवसभर मोबाईल बघितला. परत येणार असंल तर माझी तयारी हाय!"

त्याचं ऐकून सगळ्यांना वाटलं, हा ताप असाच असतो.

* * *

मग मला आला. मी कुणाला सांगितलं नाही. डोकं बांधलं आणि कामावर गेलो.

आदल्या दिवशी बांधलेली भिंत मला झुकलेली दिसली. मी ओरडलो, "ही कुणी बांधली? पाडा!"

बबनचा चेहरा उतरला. दानियल बांबूच्या परांचीवर होता. तो खाली आला, माझ्या हातातला ओळंबा घेतला आणि भिंतीला सोडून दोरा स्थिर होईपर्यंत थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, भिंत सरळ हाय. तुमी झुकलाय!"

बबन हसला. मी हसलो नाही. दानियलच्याच मोटारसायकलवर मागे बसून घरी गेलो आणि गोधडी घेऊन पडलो.

बायको म्हणाली, "डॉक्टरकडं चला."

मी म्हटलं, "ह्या तापानं कुणी मरत न्हाई."

"तीच तर पंचाईत हाय! मेलेल्याला सकाळी संडासला बसून उठावं लागत न्हाई. तुमाला लागंल."

सकाळी बसलो, पण उठता आलं नाही. ह्यावर मी जास्त सांगणार नाही.

* * *

मी परत उभा राहिलो तोवर दानियल पडला होता. त्याचा ताप लवकर उतरला. बोटांची सूज मात्र उतरली नाही.

त्याच दिवसांत गुरुजींनाही ताप आला. ते गावातल्या डॉक्टरांकडे थांबलेच नाहीत. मुलानं गाडीत घालून थेट नगरला नेलं. खाजगी दवाखाना, वेगळी खोली, सलाईन. सलाईन लावलेल्या हाताचा फोटो मुलानं सगळ्यांना पाठवला. मलाही आला.

परत आल्यावर गुरुजी बांधकामावर खुर्ची टाकून बसले आणि ताप समजावून सांगायला लागले. रक्तातल्या पेशी, प्रथिनं, नारळपाणी. हिराबाई घमेलं घेऊन तीनदा समोरून गेली, तरी पेशी संपल्या नव्हत्या.

दानियल नुसता बघायला आला होता. भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता. बोटं केळ्यांसारखी दिसत होती.

गुरुजी त्याला म्हणाले, "दानियल, अरे काळजी करू नकोस. हा सौम्य आजार आहे. विश्रांती घे. मोसंबी खा, डाळिंब खा."

दानियल म्हणाला, "खातो की गुरुजी. पण सोलून कोन देणार?"

* * *

हिराबाईला ताप आला होता हे आम्हाला कळलंच नाही.

मधले काही दिवस ती जिना उलटा उतरायची. कठड्याला धरून, भिंतीकडे तोंड करून, लहान पोर उतरतं तसं. डोक्यावर रिकामं घमेलं. बबन खालून ओरडायचा, "हिरामावशी, गाडी रिव्हर्स घेतली का?" सगळे हसायचे. तीही हसायची.

मग एक दिवस तिनं घमेलं खाली ठेवलं आणि तिचा हात माझ्या हाताला लागला. तव्यासारखा तापलेला!

"हिराबाई, ताप हाय तुला!"

"न्हाई ओ मिस्त्री. अंग गरम हाय नुसतं."

"मग जिना उलटा का उतरती?"

"गुडघं वाकत न्हाईत. सुलटं उतरलं तर तोंडावर पडंन."

"अगं, मग घरी झोपायचं ना!"

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "घरी खाट एकच हाय. तिच्यावर नवरा झोपलाय. त्याला ताप आलाय ना!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. ती मात्र घमेलं उचलून वर गेली. चढताना गुडघ्यांचं काही नाही म्हणायची, फक्त उतरताना त्रास.

* * *

एवढा ताप आला कुठून, हे सांगितलं आशाताईनं. गावात घरोघरी फिरून डबकी बघणारी बाई. पिशवी खांद्याला, बोलायला फटकळ. ती सरळ जिना चढून स्लॅबवर गेली.

आता स्लॅब टाकल्यावर आम्ही त्याच्यावर मातीचे बांध घालून वाफे करतो आणि पाणी भरून ठेवतो. स्लॅबला पाणी मिळालं नाही तर तो तडकतो. लोक चार-आठ दिवसांत पाणी सोडून देतात. मी देत नाही. माझ्या स्लॅबवर पाणी हटत नाही, वाफा रिकामा दिसला तर माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. हिराबाई रोज न चुकता भरायची. पाणी काचेसारखं स्वच्छ.

आशाताईनं ओंजळभर पाणी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. त्यात काळे दोऱ्यासारखे किडे वळवळत होते.

"मिस्त्री, हे काय पाळलंय?"

"स्लॅबचं पानी हाय ते."

"डासांची पोरं हायेत ही! ह्यांना गटार लागत न्हाई, असलंच स्वच्छ पानी लागतं. आन हे डास दुपारचे चावतात. दुपारी तुमची मानसं कुठं झोपतात?"

ह्याच स्लॅबखाली, गार लागतं म्हणून. सगळ्यात जास्त झोपायचा दानियल, कारण गिलावेवाल्याला वर हात करून करून खांदे भरून येतात.

"ओतून द्या सगळं," आशाताई म्हणाली.

मी म्हटलं, "स्लॅब तडकला तर?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मिस्त्री, मानसं तडकलीत की ओ!"

पाणी सोडलं. स्लॅबला गोणपाट ओलं करून टाकलं. स्लॅब तडकला नाही. आजही जाऊन बघा.

* * *

दानियल ख्रिस्ती आहे. दर रविवारी उपासनेला जातो. उपासना संपली की पाळक दारात उभे राहतात आणि प्रत्येकाशी हात मिळवतात. त्यांच्याकडे तशी रीत आहे.

पाळक धिप्पाड माणूस. दानियल पुढे आला तसा त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा उजवा हात धरला आणि प्रेमानं दाबला. दानियलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मागची माणसं थांबली. पाळकांनी हात आणखी घट्ट दाबला आणि म्हणाले, "रडा, दानियलभाऊ, मोकळे व्हा! आजचा संदेश तुमच्यासाठीच होता!"

हे त्याची बायको रूथ हिनं मला सांगितलं. मी त्यांच्या घरी गेलो होतो. ती बोलता बोलता त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होती. तो छताकडे बघत होता. मी दाराकडे बघितलं.

"काका, रोज कोणीतरी येतं," रूथ म्हणाली. "एक म्हणतो पपईचा पाला, एक म्हणतो वाळूचा शेक. आन जाताना सगळे म्हणतात, आमालाबी झाला हुता, काय होत न्हाई. मी बघितलंय, ज्याला काय झालं न्हाई त्याच्याकडंच लई औषधं असतात!"

मी पिशवीत ओव्याच्या तेलाची बाटली नेली होती. ती पिशवीतच ठेवली.

* * *

शेवटी त्याला घेऊन मी नगरला गेलो. एसटीनं गेलो. वरची दांडी त्याला धरता येईना, म्हणून मी त्याच्या दंडाला धरून उभा राहिलो. कंडक्टर मला म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा की! तरण्याला उभं राहू द्या."

हाडांचे डॉक्टर तरुण होते. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं समोर ठेवून म्हणाले, "अभिनंदन! सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

दानियलनं विचारलं, "मग मूठ का वळत न्हाई, साहेब?"

"काहींना वेळ लागतो. कुणाला महिने, कुणाला त्याहून जास्त. पण रिपोर्टमध्ये काही नाही."

दानियल उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "साहेब, मग रिपोर्टलाच माझी थापी द्या. त्यो करंल गिलावा!"

डॉक्टर हसले. श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरल्यावर दानियल म्हणाला, "मिस्त्री, मला दुसरं काय येतं?"

मला तरी दुसरं काय येतं?

* * *

पाऊस उघडला. बंगल्याचं सगळं होत आलं, आत फक्त पुढच्या खोलीचा गिलावा राहिला. मी दुसरा माणूस लावला नव्हता. गुरुजी शेवटी म्हणाले, "मिस्त्री, दिवाळीच्या आत मला घरात जायचंय. दानियलला जमत नसेल तर दुसरा बघा. मी तरी किती थांबू?" त्यांचं चुकत नव्हतं.

दानियलला मी हे कळवलं. तो म्हणाला, "सोमवारी येतो. एक भिंत करून बघतो. जमली तर खोली माझी, न्हाईतर दुसरा लावा. मला वाईट वाटनार न्हाई."

सोमवारी आला. उजवा हात पोटाशी धरलेला आणि थापी डाव्या हातात.

आमच्या टोळीत एक रीत आहे. संध्याकाळी मी प्रत्येक भिंतीला लाकडी पट्टी लावून बघतो. पट्टी आणि भिंतीत फट दिसली की मी एकच शब्द बोलतो, "पाडा." ज्यानं केलं त्यानंच ते ओलं असताना खरवडून काढायचं, सगळ्यांसमोर. वाद नाही. बबननं कितीदा पाडलंय. माझ्या सख्ख्या भावानं पाडलंय आणि नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. दानियलवर ती वेळ कधीच आली नव्हती.

दिवसभर त्यानं ती एक भिंत केली. हिराबाई सिमेंटचा माल देत होती. डाव्या हातानं माल मारायचा, उजव्या कोपरानं पट्टी दाबून धरायची. दोनदा थापी पडली. हिराबाई उचलायला वाकली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे मावशी." स्वतः उचलली. जेवायला बसला नाही. बबन बाहेर कुंपणाच्या भिंतीवर होता, पण त्याच्या विटांचा आवाज येत नव्हता.

संध्याकाळी मी पट्टी घेतली. सगळे येऊन उभे राहिले. गुरुजीही दारात आले.

मी पट्टी आडवी लावली, मग उभी लावली, मग तिरपी. मधोमध माझं बोट आत जाईल एवढी फट होती. ती सगळ्यांना दिसत होती.

मी पट्टी खाली ठेवली. म्हटलं, "बरी हाय. सकाळी पानी मारा."

गुरुजींनी होकाराची मान हलवली आणि ते निघून गेले.

दानियल आधी भिंतीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघायला लागला.

"मिस्त्री, ही बबनची भिंत असती तर?"

मी हात धुवायला बादलीकडे वळलो.

"हिरामावशी," दानियलचा आवाज आला, "घमेलं धर."

मी वळून बघितलं. तो परांचीवर चढला होता. भिंतीचा खालचा भाग अजून ओला होता, वरचा चांगला घट्ट धरला होता. त्यानं थापी डाव्या हातात आवळली आणि वरून खरवडायला सुरुवात केली.