फळ्यावरचा पहिला नंबर

आमच्या गावात रक्तदाब वाढवण्याची स्पर्धा मी सुरू केली. उद्देश अर्थातच उलटा होता.

बेल्ह्याजवळच्या आमच्या गावी मी ज्येष्ठांसाठी सकाळचा व्यायामवर्ग काढला होता. (शरीरशास्त्रातली माझी पदवी घरी गंजू नये, हाही एक सामाजिक उद्देशच!) महिनाअखेरीस तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या; सर्वांचा रक्तदाब उतरलेला दिसला, तरच वर्ग पुढे चालणार होता. म्हणून मी देवळासमोर फळा टांगला आणि दर सोमवारी प्रत्येकाचा आकडा उतरत्या क्रमाने लिहू लागले. ज्याला धोका अधिक, तो सर्वांत वर. पद्धत निर्दोष होती!

पहिल्याच सोमवारी माझे थोरले चुलते, तात्या, कंबरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभे राहिले.

“गबाजी पयला? एकशे बहात्तर? अन् मी पार तळाला?”

“तात्या, तळाला असणंच चांगलं.”

“आमाला नगं शिकवू! त्याचा बैलगाडा कदी माज्या म्होरं गेला न्हाई!”

पुढच्या सोमवारी तात्या एकशे चौसष्ट! गबाजीआबा एकशे शहात्तर! दोष व्यायामात असणार, असा निष्कर्ष काढून मी हालचाली बदलल्या, प्राणायाम वाढवला, आलेख काढले. आकडे चढतच राहिले. तिसऱ्या सोमवारी मी आकडे घेण्याच्या ऐन तोंडावर गबाजीआबा बैलगाडा शर्यतीचा घाट धापा टाकत चढताना दिसले. त्यांची निष्ठा पाहून मी गहिवरले! (वहीत नोंदही केली : ‘उत्स्फूर्त सराव’.)

उलगडा तात्यांच्या घरी काकूंनी केला.

“तुजं तात्या रोज चार पापड अन् खारातल्या मिरच्या खात्यात. गोळी तर आठ दिस झालं, कोनाड्यात ठिवत्यात!”

मी चहा ठेवून तात्यांकडे वळले. “तात्या! गोळी बंद?”

“गोळीनं आकडा पडतो ना राव! गबाजी काय म्हनंल?”

मी तत्काळ रक्तवाहिन्यांची आकृती काढली आणि वीस मिनिटे समजावले. तात्यांनी दोनदा जांभई दिली. मग काकूंनी भाकरी थापता थापता विचारले, “घाटात पयला कोन येतो वं? जादा सेकंदाचा का कमी सेकंदाचा?”

“कमी,” तात्या म्हणाले. आणि थबकले.

वीस मिनिटांचे माझे विज्ञान एका भाकरीत आटोपले! मी फळा पुसला आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत वर लिहिला. त्या दिवसापासून तात्यांनी गोळी चुकवली नाही. गबाजीआबांनी तर मिठाचा डबा सुनेच्या स्वाधीन केला.

तपासणीच्या दिवशी मी पहाटेपासून धावत होते. कोणी पापडाला शिवू नये, कोणी घाटाकडे फिरकू नये! एकेक आकडा उतरलेला निघाला. “वर्ग चालू राहील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

“आता पोरीचा बी बघा की!” गबाजीआबा ओरडले.

मी ऐटीत दंड पुढे केला. बाईंनी आकडा पाहिला. पुन्हा मोजला. “एकशे अठ्ठावन्न. बसा जरा, पाणी प्या.”

तात्यांनी खडू उचलला आणि साऱ्या म्हाताऱ्यांच्या खाली, अगदी तळाला, ठळक अक्षरांत माझे नाव लिहिले.

फळा तातडीने जुन्या क्रमाने लिहायला हवा, हे मला त्या क्षणी शास्त्रीयदृष्ट्या पूर्णपणे पटले!