सुतकाची सतरंजी

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, पण चामराजपेटेत कुणालाही विचारा, बिछायतवाले गुंडूअण्णा म्हटलं की घर दाखवतील. मूळचे आम्ही निपाणीकडचे. सासऱ्यांनी इथं कानडी शहरात येऊन मंडप-बिछायतीचा धंदा मांडला आणि ह्यांनी तो जन्मभर ओढला. लग्न असो, मुंज असो, गाण्याची बैठक असो, सगळ्यांच्या आधी ह्यांनी जायचं, जाजमं अंथरायची, आणि सगळे जेवूनखाऊन गेले की धूळ झटकून घड्या घालायच्या. नवरानवरीची तोंडं ह्यांनी कधी नीट बघितली नसतील. लोकांच्या पायांकडे मात्र बरोबर लक्ष. जाजमावर कुणाची चप्पल पडली, की एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस अंगावर धावून जायचा.

गोदामात नवलगुंदचे मोराच्या नक्षीचे जमखाने होते, सासऱ्यांच्या वेळची लांबच लांब जाजमं होती. आणि एक सतरंजी वेगळी, खुंटीवर टांगलेली. निळे-पांढरे पट्टे, बाकी काही नाही. ती सुतकाची. पेठेत कुणाच्या घरी माणूस गेलं की ती जायची. दारात अंथरली की भेटायला येणारे त्यावर टेकायचे. घर मराठी असो, कन्नड असो, मुसलमानाचं असो, तिचं भाडं ह्यांनी कधी घेतलं नाही, आणि शुभकार्याला ती कधी नेली नाही. परत आली की मागच्या नळावर स्वतः धुवायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. माझा धाकटा, रोशन, तापानं गेला तेव्हा मीही तिच्यावरच बसले होते. तेव्हासुद्धा ह्यांनीच धुतली. नळ किती वेळ सुरू होता, ते मी आतून ऐकत होते.

मग ते प्लास्टिकचे लाल गालिचे आले, खुर्च्या आल्या, आणि आमचा धंदा बसला. जमखाने उंदरांच्या तोंडी. मी म्हणायचे, भंगारात तरी घाला. हे म्हणायचे, स्वल्प थांब. कशासाठी थांबायचं ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

आमच्या वरच्या खोल्यांत श्वेता भाड्यानं राहते. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटर कंपनीत आहे. वाईट नाही हो, सणाला पाया पडते, डबा परत देताना रिकामा देत नाही. तिनं एकदा गोदाम बघितलं आणि वेडीच झाली. म्हणे, काका, हे सगळं व्हिंटेज आहे, आपण इथंच अंगणात बाजार भरवू. जुने गालिचे विकणारे येतील, जुन्या इरकली येतील, गाणं ठेवू, नाच ठेवू. मी म्हटलं, कसला बाजार न् काय, डोक्याला ताप. पण ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विक्रीचं ह्यांना पडलेलंच नव्हतं. गाणं होणार, माणसं आपल्या जाजमांवर मांडी घालून बसणार, एवढंच ह्यांच्या डोक्यात.

एकच गोष्ट ह्यांनी तिला सांगितली. बाकी सगळं ने, खुंटीवरची सतरंजी विकायची नाही. ती ओके काका म्हणाली. का विकायची नाही, ते ह्यांनी सांगितलं नाही. घरात चार लोक येणार, समई लागणार, अशा वेळी सुतकाचं नाव कोण काढतं? मी सांगायला गेले तर माझ्यावर डोळे वटारले.

बाजाराच्या दिवशी बघते तर आमचे जमखाने दोरीवर टांगलेले, धुणं वाळत घालावं तसे. खाली खुर्च्या. लोक बूट घालून अंगणभर फिरतायत, टांगलेल्या मोरांचे फोटो काढतायत. बसायला कुणी आलंच नव्हतं. खुर्चीत बसायला निघालेल्या एकाला हे म्हणाले, खाली बसा की, जाजम देतो. तो हसला आणि पाय लांब करून बसला. तेवढ्यात दिव्यांच्या माळा कमी पडल्या म्हणून श्वेतानं ह्यांना इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात पिटाळलं.

हे परत आले तेव्हा ढोलकी सुरू झालेली. मधोमध चार मुली घुंगरू बांधून नाचत होत्या, आणि त्यांच्या पायाखाली निळे-पांढरे पट्टे. नक्षीच्या जमखान्यावर मुली फोटोत उठून दिसत नव्हत्या म्हणे, म्हणून श्वेतानं ही साधी ओढून काढली. मी ह्यांचा दंड धरला आणि म्हटलं, आधी ती उचला.

"अंथरलेलं कार्यक्रम उरकल्याशिवाय उचलत नाहीत, ठकू," हे म्हणाले.

हा ह्यांचा नियम. एकदा माणसं वर आली की खालून ओढायचं नाही, मग लग्न मोडो की छप्पर पडो. दिव्यांच्या माळा हातात घेऊन हे भिंतीला टेकून उभे राहिले. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला तिथं माझ्या रोशनचं तोंड दिसत होतं. त्या घुंगरांचा मला इतका संताप आला की सांगता सोय नाही.

नाच संपला तसे हे पुढे झाले. त्याआधीच श्वेता हसत आली. एका जोडप्यानं सतरंजी घेतली होती, नव्या घरासाठी. तिला वाटलं, काका विकायची नाही म्हणतात म्हणजे भाव चांगला हवाय. तो तिनं मिळवलाही होता. ह्यांनी समईकडे पाठ केली आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत सुतकाचं नाव काढलं.

"पोरी, ही मयताच्या घरची सतरंजी आहे. नव्या घरात नेऊ नका म्हणावं."

श्वेताचं तोंड पांढरं पडलं. तिनं त्या दोघांना इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता टाकतील आणि हात धुवायला पळतील. कपाळ माझं! त्या बाईनं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. श्वेता म्हणाली, काका, त्यांना फारच आवडलं, म्हणतात हिला आत्मा आहे, आता तर नक्कीच नेणार. मग त्या बाईनं फोन वर धरला. तेच परत सांगा म्हणे, नीट, इकडे बघून.

ह्यांनी फोनकडे बघितलंच नाही. तो नवरा सतरंजी गुंडाळायला लागला होता, वाकडीतिकडी, अर्धी मातीत लोळत. ह्यांना ते बघवेना. पुढे होऊन ह्यांनीच ती घेतली, काठाला काठ लावून चौघडी घातली, आणि त्याच्या हातात दिली. मला वाटलं होतं हिसकावून आत आणतील. मी ह्यांना तिथंच विचारलं, घडी घालून द्यायची होती तर तोंड कशाला उघडलंत? रागानं मी त्या दिवशी ताट वाढलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं सकाळी दारात रघुपती आला, पलीकडच्या गल्लीतला इस्त्रीवाला. पाय अनवाणी, खांद्यावर टॉवेल. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, ते सगळ्या पेठेला ठाऊक. अशा वेळी आमच्याकडे मागणारा बोलत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून नुसते हात पुढे करतो, हे सतरंजी आणून हातांवर ठेवतात, आणि तो जातो. रघुपतीनं हात पुढे केले. हे सवयीनं उठून गोदामात गेले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

आले ते रिकाम्या हातानं.

"विकली रे," हे म्हणाले.

रघुपती तसाच हात पसरून उभा राहिला. मग त्यानं हात खाली घेतले, सरी अण्णा, म्हणजे बरं, एवढंच म्हणाला आणि वळला. मी पलंगावरची चादर ओढून त्याच्यामागं धावले. तो राहू दे अक्का म्हणाला, घेतली नाही. हे मागनं त्याच्या घरी गेले. तिथं भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या. कुणीतरी एक ह्यांच्याकडे सरकवली, पण हे मातीतच बसले.

श्वेता दोनदा येऊन रडली. तिनं त्या जोडप्याला फोन केला, ते देत नाहीत, भिंतीवर काचेत बसवलीय म्हणतात. मी तिला चहा दिला. आणखी काय देऊ?

हे अजून सकाळी दारात बसतात. पेठेत माणसं जायची थोडीच थांबलीत? कुणीतरी अनवाणी, टॉवेल टाकून गल्लीच्या तोंडाशी दिसतं, आणि हे उठून उभे राहतात. आमच्या दारापाशी आलं की ते माणूस मान खाली घालतं आणि पुढच्या टेंटवाल्याकडे जातं.