इवाईबुवांची चुंबळ

आमच्या व्याह्यांना माणसं दिसतच नाहीत, त्यांना कॉइली दिसतात. व्याही म्हणजे माझ्या पोरीचे सासरे, तेव्हा मी असं बोलू नये खरं तर. पण त्यांनी मला भर मांडवात "इहीनबाई, तुमी म्हणजे सरळ कॉइल" असं म्हटलं होतं, त्या दिवसापासून आमची फिटंफाट चालूच आहे. सरळ कॉइल म्हणजे काय, ते त्यांनी पंगतीत समजावून सांगितलं. नळीवर तार गुंडाळायची, करंट सोडायचा, की चुंबकाच्या लाईनी एका टोकानं बाहेर पडतात, सगळं गाव हिंडतात आणि दुसऱ्या टोकानं परत घरात शिरतात. "तुमचं बोलणं बी तसंच, आतलं काई आत ऱ्हात न्हाई." मी म्हटलं, "इवाई, जिलबी घ्या आणि गप बसा." त्यांनी जिलबी उचलली, उजेडात धरली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "गुंडाळणाऱ्याचा हात चांगला हाय."

हिंगोलीजवळच्या गोरेगावात त्यांचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी, घरघरणारे स्टॅबिलायझर, कुणाचा ट्रान्सफॉर्मर, सगळं तारा उपसून नव्यानं भरून देतात. दुकान आणि घर यांच्यात एकच भिंत. पण पोटासाठी मोटारी आणि जिवासाठी चुंबळ, असा त्यांचा हिशेब. डोक्यावर घागर ठेवायला आपण लुगड्याची चुंबळ करतो ना, तशी लोखंडाची गोल कडी घ्यायची आणि तिच्यावर चौफेर तांब्याची तार गुंडाळायची. पुस्तकात तिला टोरॉइड म्हणतात, हे त्यांनी मोबाईलवर कुठंतरी ऐकलं. पण ते चुंबळच म्हणतात. तिच्यातल्या लाईनींना बाहेर पडायला टोकच नाही, त्या कडीतल्या कडीत गरगरत राहतात. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत असं पाणी येतं, जसं दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत कीर्तनात येतं. त्याच लग्नात, नवरदेव मांडवात येताना माझी जाऊ दारात घागर घेऊन उभी होती. वराचे बाप म्हणून यांनी तिच्यापुढं हात जोडायचे. यांनी घागर उतरवून माझ्या हातात दिली, तिच्या डोक्यावरची चुंबळ उचलली आणि सगळ्या वऱ्हाडाला दाखवली. "बगा! शोध लावला म्हणत्यात सायबांनी! आपल्या बाया कवापासून डोक्यावर घेऊन फिरून राहिल्या!" नवरदेव उन्हात, बँडवाला गप्प, आणि माझी जाऊ बोडक्या डोक्यानं उभी.

एकदा मी त्यांच्याकडं गेले तर अंगणात उडदाचे पापड वाळत घातलेले. यांनी एका पापडाखाली कॉइल सरकवली, वर लोखंडाचा कीस भुरभुरला आणि करंट सोडून मला बोलावलं. खरं सांगते, कीस सरसरून उभा राहिला, टोकांपासून कशा गोल गोल ओळी निघाल्या, रांगोळीच जणू. मग खाली चुंबळ ठेवली तर कीस हलला म्हणून नाही. "बगा, घरचं घरात!" मी पाहिलं. मागाहून तोच पापड माझ्या ताटात येऊ नये म्हणून मात्र जेवण होईस्तोवर डोळ्यांत तेल घालून बसले.

आणखी एक त्यांचं लाडकं. ट्रान्सफॉर्मरमधे एकाच लोखंडावर दोन वेगळ्या तारा गुंडाळलेल्या असतात. ही तार त्या तारेला कुठंच जोडलेली नसते, तरी हिच्यात करंट नाचला की तिच्यात उठतो. "शिवत न्हाईत एकमेकीला, इहीनबाई, तरी समदं कळतं!" असं म्हणून ते आतल्या दाराकडं पाहायचे. आत त्यांची बायको, म्हणजे आमच्या विहीणबाई असायच्या. मुलखाच्या अबोल. यांनी त्यांना लग्नानंतर लगेचच चुंबळ ठरवून टाकलं होतं.

तर ह्या विहीणबाईंना ऐकायला कमी येऊ लागलं. हिंगोलीहून कानामागं अडकवायचं मशीन आणलं. मशीनला इवलासा खटका आणि दोन अक्षरं, एम आणि टी. दुकानदार काही सांगत होता, पण आमचे व्याही ऐकतील तर ना! घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं खटका टी वर नेला. "टी म्हणजे टॉक. एम म्हणजे म्यूट. तेवढं इंग्रजी येतं मला."

त्या दिवसापासून विहीणबाईंनी उत्तर देणं बंद केलं. हे दारातून हाक मारायचे, त्या भिंतीकडं बघत बसायच्या. हे चहा मागायचे, त्या पाणी आणायच्या. काही दिवसांनी व्याह्यांचा मला फोन. आवाज पार बसलेला. "इहीनबाई, ही रुसली हो माझ्यावर. काहून रुसली तेबी सांगंना. तुमच्याकडं पाठवू का? तुमी काढा बोलून." मी वाट पाहिली, पण त्या सबंध फोनमधे त्यांनी कुणाला कॉइल म्हटलं नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

विहीणबाई औंढ्याला माझ्याकडं आल्या. नागनाथाचं दर्शन झालं, जेवण झालं, मी बोलतेय, बोलतेय, आणि त्या नुसत्या हसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात लई शांत हाय. आमच्याकडं कानात भुंगा ऱ्हातो. दुकान बंद झालं की भुंगा बी बंद." मग हळूच म्हणाल्या, "कान गेलेच माझे. त्यांना सांगू नका, जिवाला लावून घेतील." म्हणजे पाहा, तिकडं हे समजत होते बाई रुसली, आणि इकडं ही बाई यांना त्रास नको म्हणून बहिरेपण गिळून बसलेली!

काही सुचेना, म्हणून त्यांच्या कानामागचं मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा अडकवलं. पुसताना खटका सरकला असणार. मी आतल्या आमच्या माणसाला ओरडून सांगितलं, "अवं, बिचारीचे कान पार गेले हो!" तर विहीणबाई दचकून म्हणाल्या, "वरडता काहून? मी काय भैरी हाय का?"

मी फोनवर खटक्याचं सांगितलं, तसे व्याही जीप पकडून धावत आले. मशीन हातात घेऊन किती तरी वेळ पाहत राहिले. "टी म्हणजे टॉक न्हाई?" मी म्हटलं, "टी म्हणजे तुमचं टकुरं." त्यांनी हिंगोलीच्या दुकानदाराला फोन लावला आणि तो सांगेल तसतसा यांचा चेहरा उजळत गेला. मशीनच्या पोटात एक बारकी कॉइल असते. टी वर ठेवलं की मशीन माणसाचं बोलणं ऐकतच नाही, आसपासच्या चुंबकाच्या लाईनी ऐकतं; बोलणं ऐकायला एम. दुसरा कुणी असता तर बायकोची माफी मागितली असती. हे उडालेच! "आगं, तुझ्या कानात कॉइल! तू माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या लाईनी ऐकून राहिली होती! माझा एक बी शब्द न्हाई, पण लाईनी समद्या ऐकल्या!" विहीणबाई म्हणाल्या, "बोलण्यापरीस त्याच बऱ्या होत्या."

मग काय, घरी जाऊन त्यांनी बायकोला स्टुलावर बसवलं, खटका टी वर नेला आणि एकेक ट्रान्सफॉर्मर कानाशी धरला. "घूं?" "घूं." दुसरा. "घूं?" "लईच घूं." शेवटी चुंबळीवर गुंडाळलेला. "काईच न्हाई." असा आनंद त्यांना पोरगा झाल्यावरही झाला नसेल. महिनाभरात त्यांनी दुकानातले स्वतःचे सगळे गळके ट्रान्सफॉर्मर काढून चुंबळीचे बसवले. घरात चुंबकाचा एक थेंब सांडेना.

एक मात्र राहिला. जुना, लोखंडी पट्ट्यांचा, सगळ्यांत गळका. घराच्या भिंतीला चिकटवून ठेवलाय, आणि त्याच्यावर एक बारका दिवा सोडून काहीही चालत नाही. मी विचारलं, "इवाई, हा काहून ठेवला?" पहिल्यांदाच त्यांना लाजताना पाहिलं. म्हणाले, "ती म्हणली, भुंगा होता तवा कळायचं, तुमी पलीकडं हायेत."

परवा मी गेले होते. दुपारी विहीणबाई भिंतीला टेकून गहू निवडत बसल्या होत्या, खटका टी वर. मी बोलत होते, ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्यात लाइट गेली. त्यांचा हात थबकला. बोटानं खटका मागं सारला आणि त्यांनी भिंतीला विचारलं, "ओ, हायेत का?"

"हाय गं, हाय," पलीकडून आवाज आला.

त्या पुन्हा गहू निवडू लागल्या. मी इतकी सरळ कॉइल, पण त्या वेळी माझ्या तोंडून काही बाहेर पडलं नाही.