“उभ्यानं पाहिलं का?”

“उभ्यानं पाहिलं का?” दुसऱ्या डॉक्टरचा कागद हातात आला की मॅडम पहिल्यांदा हेच विचारायच्या. मग कागद टेबलावर आपटायच्या.

पांढरकवड्यात त्यांचा सोनोग्राफीचा दवाखाना होता आणि मी तिथं नर्स. कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. मजूर परवडेना, म्हणून वेचणी आणि ओझी घरच्या बायांवर आली. कुणाचं अंग बाहेर यायचं, कुणाची लघवी गळायची. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी गावोगाव कॅमेरे घेऊन माणसं फिरली, पण या बायांना कुणी काही विचारलं नाही. त्याची मला अजून चीड येते.

खोलीच्या कोपऱ्यात कापसाचं गाठोडं असायचं. मशीन दुरुस्तीला आलेल्या एकानं विचारलंही, “मॅडम, कापूस बी घेता का?” त्या हसल्या नाहीत. “दुखनं वावरात होते, अन् तुमी तपासता गादीवर,” म्हणाल्या.

झोपलेली बाई ठणठणीत दिसायची. मॅडम तिला उभी करायच्या, डोक्यावर गाठोडं द्यायच्या, खालून मशीन लावायच्या. “खोक बाई, जोरानं.” पडद्यावर मूत्राशय खाली घसरलेलं मलाही दिसायचं.

एकदा राळेगावकडची तिशीतली बाई आली. गर्भाची पिशवी काढायची तारीख ठरलेली. “खोकला आला का लुगडं ओलं होते. वास येते म्हनून लग्नाले बी जात नाही मी.”

मॅडमनी उभ्यानं पाहिलं. पिशवी जागच्या जागी होती. बाळंतपणात खालचा स्नायू फाटला होता. त्यांनी नवऱ्याला बोलावून पडदा दाखवला.

“पिशवी चांगली हाय. काहून काढता?”

“मोठ्या डॉक्टरनं सांगतलं,” तो म्हणाला.

सहा महिन्यांनी ती परत आली. पिशवी गेली होती, गळणं तसंच होतं. गाठोडं घेऊन खोकली आणि फरशी ओली झाली. ती लाजेनं मान वर करेना. मॅडमनी स्वतः फडकं घेऊन फरशी पुसली. “तू काहून लाजून राह्यली? लाजायचं त्याईनं,” म्हणाल्या. मग महिनोन् महिने तिला स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. पुढच्या वर्षी ती भाचीच्या लग्नाला गेली, एवढं मला ठाऊक आहे.

मॅडम वारल्या. नव्या डॉक्टरांनी गाठोडं फेकायला सांगितलं. मी ते टेबलाखाली सारलं.

परवा त्यांनी एका बाईला झोपवून पाहिलं आणि पिशवी काढायचा कागद लिहायला घेतला. मी गाठोडं ओढून मधे ठेवलं आणि बाईला म्हटलं, “उठ माय, उभी राह्य.”