साच्यातलं दाबलेलं हसू

पडेगावच्या सोमनाथ कुंभाराचे महालक्ष्म्यांचे मुखवटे लांबून ओळखू येतात. त्याच्या देव्या हसू दाबून बसलेल्या असतात. पुंडलिकनगरच्या बायका त्याच्याकडेच येतात. देवी नाही, मैत्रीणच घरी नेल्यासारखं वाटतं, म्हणतात.

ते हसू सोमनाथच्या बायकोचं, करुणाचं. लग्न नवं असताना ह्या गृहस्थानं तिला खाटेवर आडवं केलं, माती चिकटू नये म्हणून तोंडाला करडईचं तेल चोपडलं आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून चेहऱ्यावर ओली माती थापली. पहिल्या खेपेला ती खुदकन हसली आणि सगळा खेळ बिघडला.

"आता हसलीस तर बघ!" सोमनाथनं दम भरला.

तिनं ओठ घट्ट मिटले, तरी हसू कडेला उरलंच. चेहऱ्यावरून अलगद उचललेल्या त्या मातीचा साचा भाजून निघाला आणि त्याच्यावर दोघांचा संसार चालला.

साच्याला तेल लावायचं काम करुणाचं. चिंधीनं पुसटसं लावायची आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची. दाबलेली माती जराशी सुकली की मुखवटा आपसूक सुटायचा.

मग ती आजारात गेली आणि तेलाची वाटी सोमनाथच्या हातात आली. तिचा फोटो म्हणावा तर आधारकार्डावरचा, तोही काळवंडलेला. तेव्हा करुणाचा चेहरा म्हणजे हा साचाच. माती चिकटून त्याचा टवका उडाला तर? ह्या धास्तीनं तो सढळ हातानं तेल ओतायचा आणि पुसायचा मात्र नाही. करडईचं तेल मोठं चिवट. थरावर थर वाळत साच्याच्या खळग्यांत बसत गेलं.

यंदा भट्टी उघडली तर देव्यांच्या गालांवर काळे डाग. सून मोनिका हिनं सासूला कधी पाहिलं नव्हतं, पण देव्हाऱ्यातला जुना, रंगाची पुटं चढलेला मुखवटा तिच्या रोजच्या नजरेतला. तो तिनं नव्याशेजारी आणून ठेवला.

"मामा, औंदा देवी रुसल्यावानी दिसती. हसूच नाय हिला."

सोमनाथनं साच्यात बोट फिरवलं. ओठांच्या कडेला जिथं बोट अडायचं, तिथं आता नुसता गुळगुळीतपणा होता. जपता जपता आपणच तिला बुजवत आलो.

"खरवडून काढू का?" मोनिकानं विचारलं.

"चाकू लावती व्हय तिच्या तोंडाला?" तो खेकसला.

"मंग भट्टीत घाला. तेल जळून जाईल."

"आन तडकला म्हंजी? त्या रंगानं लिंपल्याल्या मुखवट्यातनं ती निघायची नाय. पुन्हा कुठून आणू तिला?"

सोमनाथ साचा मांडीवर घेऊन बसला. जेवायला बोलावलं तरी उठला नाही. राहू दिला तर ती दर वर्षी थोडी थोडी जाणार, आणि भाजला तर कदाचित एकदमच. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं साचा भट्टीच्या मधोमध ठेवला, भोवती गोवऱ्या रचल्या आणि आच मुद्दाम मंद धरली. जळक्या तेलाचा वास सुटला, तसा तो भट्टीला पाठ करून बसला.

सकाळी राख बाजूला सारली. साचा अखंड होता, कोरडा, लालबुंद. सोमनाथनं चिंधीनं पुसटसं तेल लावलं आणि करुणासारखंच कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. माती दाबली. ती सुकेपर्यंत तिथंच बसून राहिला.

मुखवटा अलगद तळहातावर आला. शेवटी शेवटी खाटेवर पडून असलेली, पिकल्या केसांची करुणाच एवढी वर्षं त्याच्या मनात बसली होती. हातावर होती एक पोर, ओठ मिटून हसू दाबणारी.

"मोनिका," त्यानं हात पुढं केला, "ही तर तुझ्यापरीस बी लहान हाय गं."

मग मुखवटा तोंडाजवळ नेऊन तो हळूच म्हणाला, "हस आता. मी काय म्हणत नाय."