बापाला मिळालेली बाळंतपणाची सुट्टी

माझ्या नणदेचा नवरा अभिमन भुसावळला रेल्वेत सांधेवाला होता. कोणती गाडी कोणत्या रुळावर जायची ते त्याच्या हातात, पण घरात चार शब्द बोलायचे तर जीव जायचा. नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात हा माणूस पिशवी घेऊन दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी येऊन थडकला. माझी नणंद लता दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, दिवस भरत आलेले.

जावई यायचा तो बारशाला, टॉवेल-टोपी घ्यायला. बाळंतपणाआधीच, तेही मुक्कामाला आलेला जावई आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. माझ्या सासऱ्यांनी, सुपडूआबांनी, त्याला ओसरीवर बसवून हळूच विचारलं, "नोकरी गई का, पाव्हणा?"

"नही आबा, सुट्टी शे. बायको बाळंत व्हई म्हनीसन सरकार देस."

"बाळंत लता व्हई, आनि सुट्टी तुम्हले?"

अभिमनने समजावलं. नव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या नोकरांना ही रजा लागू झाली होती. पंधरा दिवस, भरपगारी, बाकीच्या रजेतून काही कापायचं नाही. बाळंतपणाच्या जरा आधी घ्यायची, नाहीतर नंतर सहा महिन्यांच्या आत. तेवढ्यात घेतली नाही तर बुडाली. दोन मुलं हयात असतील त्याला मिळत नाही. आबांनी मान हलवली, पण त्यातलं एक अक्षरही त्यांना पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सुपडूच्या जावयाची नोकरी गेली. शेजारची बेबाबाई येऊन हळहळून गेली. रुपचंदनानांनी तर आपल्या मिरची वाळवायच्या पथारीवर काम देऊ केलं, आणि हा शहाणा "बरं नाना" म्हणाला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पाव्हणं, तोंड कशाला दिलंय देवाने? सांगा ना ठणकावून.

तेव्हा तो बोलला. "वहिनी, हापिसमा बाबूनी इचारं, जिवंत पोरं कितला? मी सांगं, एक बी नही."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती. लताचा पहिला मुलगा आमच्याच घरी झाला आणि एका रात्रीत गेला. निरोप पोहोचून अभिमन येईपर्यंत त्याला पुरलं होतं. बापाला दिसली ती नुसती ओली माती. या खेपेला त्याला लेकराचं तोंड बघायचं होतं, त्यासाठीच तो आला होता. पण पाचवीची पूजा झाल्याशिवाय आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, आणि आबा रिवाजाला पक्के. "पाचवीले देखा," त्यांनी सांगून टाकलं.

"पहिला पाचवीलोंग टिकना नही, आबा," अभिमन म्हणाला. आबा उठून गोठ्याकडे निघून गेले.

दोन दिवसांनी भर दुपारी लताला कळा सुरू झाल्या. ताईबाई सुईण आली, मी हाताखाली. "आंडेर शे," ताईबाई म्हणाली. मुलगी झाली, पण रडेना. ताईबाई तिची पाठ चोळत होती आणि दाराबाहेर अभिमनचा श्वास मला ऐकू येत होता. मग पोर रडली, आणि दार उघडलं. ते आबांनी उघडलं होतं. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि जावयाला म्हणाले, "मझार जा."

ताईबाईने पोर पुसायच्या आधीच त्याच्या हातांत ठेवली. तो रडला नाही, हसला नाही, बघतच राहिला. लता बाळाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. मला तीन मुलं झाली. माझ्या नवऱ्याने एकाचंही तोंड पाचवीआधी पाहिलं नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. बाप असा बघतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी देवाला नाही, त्या दोघांना हात जोडले.

पुढचे दिवस अभिमनने पाणी तापवलं, शेगडी पेटवली, अंगणात बसून दुपटी धुतली. रुपचंदनाना पुन्हा आले आणि आबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जवाई दुपटा धोई ऱ्हायना. पथारीवर तरी धाडा, काम तं लागी."

आबा ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"तो कामवरच शे, नाना," ते म्हणाले. "सरकारनी धाडेल शे त्याले, आंडेरनं तोंड देखाले."